शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तक निवडताना

कायदा काय सांगतो? शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे. त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेही. पण शाळा सारख्या नसतात: उदाहरणार्थ, नवी मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या. एकच यादी सगळीकडे पुरत नाही.

पहिली चाळणी: साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार, २०१० पासून. मराठीतले काही मानकरी:
- अनिल अवचट, ‘सृष्टीत... गोष्टीत’ (२०१०)
- दिलीप प्रभावळकर, ‘बोक्या सातबंडे’ (२०११)
- भारत सासणे, ‘समशेर आणि भूतबंगला’ (२०२४)

फरक ओळखा: माधुरी पुरंदरे यांना २०१४ मध्ये हा पुरस्कार एकूण योगदानासाठी मिळाला, एका पुस्तकासाठी नव्हे. त्यामुळे त्यांचे कोणते पुस्तक कोणत्या इयत्तेला, हे वाचूनच ठरते.

मोफत: ‘प्रथम बुक्स’चे गोष्टींचे संकेतस्थळ ‘स्टोरीवीव्हर’ (२०१५), मराठीतही.