पिन, डाय आणि टिकल्या

पंचिंग मशीन कागद कापते. टोचण्याचे काम दाभणाचे. वरून उतरणारी पोलादी पिन आणि तिच्याखालचे नेमके गोल छिद्र, म्हणजे डाय, ही कात्रीची दोन पाती समजावीत. कात्रीची खीळ सैल झाली की धार शाबूत असूनही कापड पात्यांमध्ये दुमडते. तसेच पिन आणि डाय यांच्यातली फट वाढली की कागद त्या फटीत ओढला जातो आणि भोकाच्या कडेला झालर राहते. पिनचे टोक मधोमध खोलगट किंवा खाचलेले असते. त्यामुळे सगळा परीघ एकाच क्षणी न कापता टप्प्याटप्प्याने कापला जातो आणि हाताला जोर कमी लागतो.

जर्मनीतल्या बॉन शहराचे फ्रीडरिश झोनेकेन यांचे कागद पंच करण्याच्या यंत्राचे पेटंट १४ नोव्हेंबर १८८६ चे. पुढे भोकांची मापे आयएसओ ८३८ या मानकाने पक्की झाली: दोन केंद्रांत ८० मिमी अंतर, भोकाचा व्यास ६ मिमी आणि कडेपासून केंद्र १२ मिमी.

यंत्र अडू लागले की पहिला संशय धारेवर जातो. पाहायला हवा तो आधी खालचा ट्रे. कापून पडलेल्या कागदाच्या टिकल्या तोंडापर्यंत साचल्या की पिनला पूर्ण खाली उतरायला जागाच उरत नाही. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत न्यायालयापर्यंत पोहोचली. फ्लोरिडातल्या अनेक मतपत्रिका टोच्याने भोक पाडून भरायच्या होत्या. काहींच्या टिकल्या सुटल्याच नाहीत, लोंबत राहिल्या. आणि अखेरचा अधिकृत फरक होता ५३७ मतांचा. त्या मतदान यंत्राच्या विकासात सहभागी असलेले अभियंता जॉन अहमान साक्षीला उभे राहिले, तेव्हा टिकल्या साचून यंत्र तुंबते ही अडचण नोंदवणारे त्यांचेच जुने पेटंट त्यांच्यासमोर ठेवण्यात आले. ट्रे रिकामा करणे हे देखभालीतले सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

पिन खाली जाऊन वर येत नसेल, तर कारण गंज किंवा थकलेली स्प्रिंग. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर गंजाची शक्यता अधिक. पिनवर तेलाचा एक थेंब सोडून, डाग पडणे थांबेपर्यंत रद्दी कागद पंच करावेत. स्प्रिंग बदलायची तर दोन्ही पिनांची एकदम बदलावी, नाहीतर दांडा एका बाजूला कलतो. नवी स्प्रिंग त्याच जाडीच्या तारेची हवी. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. तार फक्त दहा टक्के जाड घेतली तरी ताठरपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो.

धार खरोखरच गेली असेल तर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल किंवा सँडपेपर पंच करण्याचा सल्ला हमखास मिळतो. फॉइल पोलादापेक्षा कितीतरी मऊ. ती फार तर चिकटलेला मळ काढते. सँडपेपरचे कण टोकाबरोबर पिनच्या अंगालाही घासतात, म्हणजे जी फट कमी हवी तीच वाढते. खरा उपाय पिन बदलण्याचा, आणि इथेच लहान यंत्रांची रचना आड येते. त्यांचा आस रिव्हेट ठोकून बंद केलेला असतो. एका पिनपायी अख्खे यंत्र टाकायला लावणारी ही रचना वाईटच म्हणायला हवी. शंभराहून अधिक पाने एकदम कापणाऱ्या अनेक मोठ्या यंत्रांत पोकळ पिन सुटी काढता येते आणि तिच्याखाली प्लॅस्टिकची चकती असते. शेवटचे पान कापले जात नसेल तर पिनला हात लावण्याआधी चकती थोडी फिरवावी किंवा उलटी करावी. न कापलेला पृष्ठभाग पिनखाली आला की भोक पुन्हा स्वच्छ पडते.

उरते ती कागद अडवणाऱ्या पट्टीची जुळणी. ए-४ कागदाची लांबी २९७ मिमी, म्हणून प्रत्येक टोकापासून भोकाचे केंद्र १०८.५ मिमीवर यायला हवे. लीगल कागदाला हेच अंतर सुमारे १३८ मिमी. पट्टी न सरकवता दोन्ही कागद पंच केले की त्यांतल्या एकाची भोके मधोमध पडत नाहीत. तपासणीची एक सुंदर युक्ती आहे. दोन कागद वेगवेगळे पंच करावेत, एकाची वरची बाजू खाली येईल असा तो उलटावा आणि कडा जुळवून दुसऱ्यावर ठेवावा. पट्टी १ मिमी चुकली असेल तर भोके २ मिमी सरकलेली दिसतात. चूक दुप्पट दिसते, म्हणून पट्टी दिसलेल्या फरकाच्या निम्मीच सरकवायची. सुतार गुण्या आणि गवंडी पाणसळ याच तत्त्वाने तपासतो. अधिक अचूक उपकरण जवळ असण्याची गरजच पडत नाही.

भोके कडेच्या फार जवळ पडत असतील तर मागच्या अडणीपाशी अडकलेला कागदाचा तुकडा काढावा. ८० मिमीचे अंतर साध्या यंत्रात कायमचे असते. सरकत्या पिनांच्या यंत्रात ते जुळवताना, फाईलमध्ये नीट बसणारा एखादा जुना कागद नमुना म्हणून घ्यावा आणि त्यावर पिना जुळल्यावरच स्क्रू आवळावेत.