पीएच.डी. झाली, मग पोरगी अजून कायम का नाही?

वाचकहो, आपल्या वस्त्यांतून आता पीएच.डी. झालेली मुले-मुली बाहेर पडू लागली आहेत. नावामागे 'डॉ.' लागते, विहारात सत्कार होतो, आई-वडिलांच्या कष्टाचे चीज होते. आणि वर्षभरात शेजारपाजारचे विचारू लागतात, "पोरगी डॉक्टर झाली ना? मग अजून कुठे लागली कशी नाही?" ती सांगते, "पोस्टडॉक करतेय." आईला कळत नाही, ही अजून शिकतेय की कामाला लागली? याच प्रश्नाची फोड आम्ही येथे करणार आहोत. उदाहरण घेतले आहे ते शेतीच्या अर्थशास्त्राचे, कारण हा विषय आपल्या घरापासून वाटतो तितका दूर नाही.

पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी.नंतरची उमेदवारी. नवा वकील जसा मोठ्या वकिलाच्या हाताखाली काम करतो, तसेच हे. विद्यापीठातील किंवा संशोधन संस्थेतील एखाद्या प्रकल्पावर एक ते तीन वर्षांच्या कराराने नेमणूक होते. गावोगावच्या पाहणीचे तक्ते तयार करायचे, हजारो घरांचे आकडे तपासायचे, चुका काढायच्या, संगणकावर हिशेब मांडायचा आणि निघेल ते लेखरूपाने छापून आणायचे. हे लेखच पुढे प्राध्यापकीच्या मुलाखतीत बोलतात. म्हणजे ती विद्यार्थिनी नाही, पगार घेणारी संशोधक आहे. पण कायमही नाही. प्रकल्पाचा पैसा संपला की काम संपले. आपल्याकडे अशा जागेला बहुधा 'रिसर्च असोसिएट' म्हणतात. २०२३ साली केंद्राच्या विज्ञान खात्याने या पदाचे मानधन महिना ५८,००० ते ६७,००० रुपये केले. सगळ्याच प्रकल्पांत एवढे मिळते असे मात्र समजू नये.

आता विषयाकडे वळू. पीक कोणते घ्यावे, कर्ज कोणाकडून काढावे, मजुरी किती मिळते, पाऊस गेला तर घर कशावर चालते, हे सगळे शेतीच्या अर्थशास्त्रात येते. आज त्याचा पसारा अन्न, पाणी, पर्यावरणापर्यंत गेला आहे. अमेरिकेतल्या या अभ्यासकांच्या संघटनेने २००८ साली आपल्या नावात 'उपयोजित अर्थशास्त्र' हे शब्द घातले ते त्यामुळेच.

या विषयाशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय यांवर इंग्रजीत निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे लहान झाले म्हणून शेती बुडते, असे तेव्हाचे पंडित म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, लहान म्हणजे किती लहान? तुकडा लहान की मोठा हे एकरांवर ठरत नाही, त्यावर राबणारे हात, बैल, अवजारे आणि भांडवल यांच्या प्रमाणावर ठरते. गावात हात जास्त आणि काम कमी, हे खरे दुखणे. त्यावर उपाय म्हणजे उद्योगधंदे वाढवणे, म्हणजे शेतीवरचे जादा हात तिकडे जातील. हा निबंध आला तो काळही लक्षात घ्यावा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली परतावे लागले होते. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांचे कर्ज घेतले, तेव्हा कुठे १९२० साली ते परत लंडनला गेले.

आता गावांकडे या. हैदराबादजवळ पटानचेरू येथे 'इक्रिसॅट' ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ साली निघाली. तिने १९७५ पासून सहा गावांत घरोघरचा हिशेब लिहायला सुरुवात केली. त्यांतली चार गावे आपल्या महाराष्ट्रातली आहेत : सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कान्झरा आणि किनखेडा. प्रत्येक गावातली चाळीस घरे निवडली. त्यांत दहा घरे मजुरांची, ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा नावापुरती आहे. हे फार महत्त्वाचे, कारण शेतीचा अभ्यास म्हटला की सातबारावाल्याचाच होतो. पाहणी करणारे तरुण गावातच राहत आणि तीन-चार आठवड्यांनी घरी येऊन विचारत : काय पेरले, किती दिवस मजुरी लागली, काय खाल्ले, किती उसने घेतले. तीन गावांत हे सलग दहा वर्षे चालले.

त्या वह्यांवर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी काम केले आहे. हान्स बिन्सवँगर यांनी या भागातल्या शेतकऱ्यांना खरे पैसे देऊन नाणेफेकीचा खेळ खेळायला लावला. एका डावात छापा पडो की काटा, पन्नास रुपये नक्की. दुसऱ्यात एकदा दोनशे, एकदा शून्य. पन्नास रुपये म्हणजे तेव्हा मजुराची कित्येक दिवसांची कमाई. बहुतेक लोक बेतानेच धोका पत्करणारे निघाले, आणि त्यात गरीब-श्रीमंत असा फारसा फरक दिसला नाही. म्हणजे गरीब माणूस भित्रा असतो म्हणून मागे राहतो, हे म्हणणे टिकले नाही. त्याच्या हाती साधने नसतात, हा आमचा अर्थ.

१९८९ साली रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांनी लग्नांचा हिशेब मांडला. ज्या शेतकरी घरांचे उत्पन्न पावसावर जास्त हेलकावे खाते, ती घरे लांबच्या गावी सोयरीक करतात आणि दुष्काळात त्या सोयरिकीचा आधार होतो. आमच्या आज्यांना हे सांगायला विद्यापीठ लागले नसते. इकडे पाऊस गेला तरी व्याह्याच्या शिवारात पडला असेल, हे त्या जाणून होत्या. पण आजीचे म्हणणे सरकार ऐकत नाही, आकडा ऐकते.

१९९४ साली रॉबर्ट टाउनसेंड यांनी शिरापूर, कान्झरा आणि आंध्रातले (आता तेलंगणातले) औरेपल्ली या तीन गावांचे आकडे घेतले. त्यांना दिसले, की एका घरावर संकट आले तरी त्याच्या खाण्यापिण्यावर फार परिणाम होत नाही, गाव एकमेकांना सावरून घेते. मात्र एका गावात भूमिहीनांना हा आधार कमी मिळतो, असेही त्यांनी नोंदवले. 'गाव सावरून घेते' हे वाक्य आपल्यापैकी ज्यांनी गाव सोडून मुंबई गाठली त्यांनी एकदा वाचावे. २०१२ साली माझोको आणि सैनी यांनी हेच आकडे पुन्हा तपासले. सगळे गाव मिळून धोका पुरता वाटून घेते, ही गोष्ट कसोटीला उतरली नाही. जातीच्या आत मात्र ती उतरली. मधल्या काळात वह्या त्याच होत्या. बदलला तो प्रश्न.

आकड्यांना कोण काय विचारतो हे फार करून या उमेदवारीच्या वर्षांत ठरते, म्हणून ही वर्षे महत्त्वाची. आणि आपली मुले गळतात ती नेमकी येथे. आपल्या घरांना ठाऊक असलेल्या योजना पाहा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. बार्टीची अधिछात्रवृत्तीही पीएच.डी.पाशी थांबते. पुढची दोन-तीन वर्षे ज्याच्या घरी खायला आहे तो काढतो. ज्याच्या घरी बापाची गिरणी बंद, भावाची फी थकलेली, तो मिळेल त्या तासिकेवर शिकवायला लागतो. संशोधन राहून जाते. मुलीच्या बाबतीत तर याच वयात लग्नाची घाई सुरू होते. पाहुण्यांना 'करार' हा शब्द आवडत नाही.

घरच्यांनी काय करावे? करार किती महिन्यांचा, वाढण्याची शक्यता किती आणि छापल्या जाणाऱ्या लेखावर तिचे नाव येणार का, हे तिला आधी विचारून घ्यायला सांगा. लेखावर नाव नसेल तर ती नुसती आकडे भरण्याची नोकरी. दिल्लीच्या आयसीएसएसआर या संस्थेची समाजशास्त्रांसाठी पीएच.डी.नंतरची अधिछात्रवृत्ती असते आणि अनुसूचित जातींना वयाची सवलतही असते, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या आपल्या चार कृषी विद्यापीठांत आणि केंद्राच्या कृषी संशोधन सेवेत कृषी अर्थशास्त्राच्या कायम जागा निघतात, त्यांत आरक्षण आहे, पण वयाची अट आणि परीक्षाही आहे. उमेदवारी चालू असतानाच ते अर्ज भरत राहावे, जातवैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. ते वेळेवर हातात नसल्यामुळे निवड होऊनही जागा गेल्याचे आम्ही ऐकले आहे.