रस्त्यावर सायकलस्वाराचा हक्क किती?

नवी मुंबई हे योजून वसवलेले शहर होय. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आखीव, रुंद रस्ते आपल्याला लाभले. परंतु त्या रुंदीने मोटारीला वेग दिला. सायकलीला जागा दिली नाही. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नेरुळला पाम बीच रस्त्यावर सायकलने जात असलेल्या अवतार सैनी यांना मागून आलेल्या टॅक्सीने धडक दिली व ते मरण पावले. पेंटियम प्रोसेसरच्या घडणीत वाटा असलेले ते अभियंते; म्हणून देशभर बातमी झाली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पाळीला सायकलने जाणाऱ्या कामगाराच्या वाट्याला दोन ओळी तरी येतील काय?

वेगाचे गणित साधे आहे. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या धडकेतून माणूस बहुधा वाचतो. ६० वर ती आशा झपाट्याने मावळते. शिवाय खड्डा चुकवताना सायकलस्वार हातभर सरकणारच. ती बेशिस्त नव्हे, तोल सांभाळणे आहे. म्हणून त्याला मागे टाकताना दीड मीटर अंतर सोडावे. ब्रिटनच्या वाहतूक-नियमपुस्तिकेत २०२२ पासून हे अंतर नमूद आहे. उभ्या गाडीचे दार नेहमी दूरच्या हाताने उघडावे, म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागचा सायकलवाला दिसतो.

मग ड्रायव्हर हा वैरी समजावा काय? मुळीच नाही. तोही कामगारच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास ठरवले. परंतु ॲपवरच्या ड्रायव्हरला कंपन्या 'भागीदार' म्हणतात, मग त्याचे तास मोजणार कोण? ज्याचे पोट खेपांवर, त्याला पुढची सायकल आडकाठी वाटते. तरीही थकवा हे कारण झाले, सबब नव्हे. अवजड यंत्र ज्याच्या हाती, अधिक जबाबदारी त्याची, हा कारखान्यातला नियम रस्त्यालाही लागू आहे.

हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. लोक चळवळीला उभे राहिले, पुढे तेलटंचाईही आली, आणि सरकारला सायकलीसाठी वेगळे मार्ग बांधावे लागले. तेथेही हे आपोआप घडले नाही. तेव्हा महापालिकेकडे आपण वेगळा मार्ग मागू या, वेगाला लगाम मागू या. आणि ड्रायव्हरसाठी मोजके तासही त्याच अर्जात मागू या. दोघांनाही संध्याकाळी घरी पोचायचे आहे.