रंग नंतर, आधी इंजिन!

समजा, आजोबांच्या वाडीत पत्र्याच्या शेडखाली एक कॉन्टेसा उभी आहे. टायर बसलेले, बॉनेटवर सुपारीची झावळं. तुम्ही काय कराल? खरं सांगा! आधी फोटो, मग रील, मग कुणाची तरी बॅटरी आणून चावी फिरवून बघाल. पहिल्या दोन गोष्टी खुशाल करा. तिसरी अजिबात नको.

माणगावात हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये मला पहिला धडा हाच मिळाला. श्रीवर्धनकडून टो करून आणलेली एक कॉन्टेसा तिथे खोलून ठेवली होती. तिचा मालक तुमच्या-माझ्याच वयाचा, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात मेकॅनिकल शिकणारा. कोकणातला पाऊस आणि समुद्राची खारी हवा उभ्या गाडीला सोडत नाही. सिलिंडरमध्ये ओल शिरते, पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजून चिकटतात. गॅरेजच्या भाषेत इंजिन जाम. अशा इंजिनला स्टार्टरने हिसका दिला की रिंग तुटते, बोअरवर चरे पडतात. म्हणून प्लग काढायचे, प्रत्येक भोकातून ऑइल सोडायचं आणि गप्प बसायचं. एक दिवस, दोन दिवस, कधी आठवडाभर. मग क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून हाताने, हळूहळू फिरवून बघायचं.

आता तुम्ही विचाराल, एवढं काय त्या गाडीत? कॉन्टेसाचे फॅन तिला भारताची मसल कार म्हणतात. लांब बॉनेट, चौकोनी तोंड, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. दिसते अगदी तशीच. पण आकडे बघितले की हसू येतं. अमेरिकेत 1964च्या पॉन्टियाक जीटीओमध्ये 6.4 लिटरचं व्ही-एट इंजिन होतं, 325 हॉर्सपॉवरचं. आपली कॉन्टेसा 1984मध्ये आली ती ब्रिटिश व्हॉक्सहॉलच्या जुन्या साच्यावर आणि चक्क अँबेसेडरचं 1489 सीसीचं इंजिन घेऊन. एवढ्या मोठ्या अंगाला ताकद जेमतेम 50 हॉर्सपॉवर! पुढे हिंदुस्थान मोटर्सने जपानच्या इसुझुचं 1817 सीसीचं पेट्रोल इंजिन बसवलं, जोडीला पाच गिअर दिले, आणि ताकद 88 हॉर्सपॉवरपर्यंत गेली. म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकएवढी. तरी त्या काळात ती रस्त्यावरची दादा गाडी होती. 2002मध्ये उत्पादन थांबलं.

माणगावची गाडी इसुझु इंजिनवाली.

इंजिन 'बांधणं' हा शब्द मला फार आवडला. मिस्त्री लोक रिस्टोरेशन वगैरे म्हणत नाहीत. इंजिन खोलायचं आणि बांधायचं. खोलतानाच अर्धी लढाई असते. हेडचे बोल्ट एकदम सोडायचे नाहीत, बाहेरून आत क्रमाने थोडे थोडे ढिले करायचे, नाहीतर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. बेअरिंगच्या कॅप्स ज्या जागेवरून निघाल्या त्याच जागी, त्याच दिशेने परत बसायला हव्यात, म्हणून प्रत्येकीवर खूण. नट-बोल्ट पिशव्यांमध्ये, पिशवीवर मार्करने नाव. इथे मोबाइल खरोखर कामाला येतो. प्रत्येक पाइप काढायच्या आधी फोटो काढा. सहा महिन्यांनी तो कुठून कुठे जात होता हे कुणालाही आठवत नाही.

मग येतं मोजमाप. या इंजिनचा बोअर 84 मिलिमीटरचा. तो एकदा मोजून भागत नाही. वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा, कारण वर्षानुवर्षं घासून सिलिंडर गोल राहत नाही. झिजला असेल तर लेथवर अर्धा मिलिमीटर वाढवायचा आणि ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचे, हा नेहमीचा मार्ग. पण इथे एका सिलिंडरमध्ये गंजाने इतके खोल खड्डे पाडले होते की अर्ध्या मिलिमीटरने ते गेले नसते.

इथे घरात दोन तट पडले. काका म्हणाले, भंगारात द्या. ओळखीचा एकजण म्हणाला, कुठलंही डिझेल इंजिन उचलून बसव, ॲव्हरेजपण मिळेल. अनेक कॉन्टेसांचं असंच झालंय. मिस्त्रींनी मात्र ब्लॉकवरचा नंबर पुसून दाखवला. तोच नंबर आरसी बुकात आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतल्या तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे, मनाला येईल तसे बदल चालत नाहीत. आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची तर आरटीओची फिटनेस तपासणी आहेच. 20 वर्षांहून जुन्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 2025मध्ये 10,000 रुपये झालीये. 'व्हिंटेज' म्हणून सूट मागावी, तर त्यासाठी 50 वर्षं पूर्ण लागतात. पहिल्या कॉन्टेसालासुद्धा 2034पर्यंत थांबावं लागेल. भंगारवाल्याच्या हिशेबात म्हातारी, सरकारच्या हिशेबात अजून तरुण!

मधला मार्ग निघाला तो लायनरचा. खराब सिलिंडर मोठा करायचा, त्यात लोखंडी नळी दाबून बसवायची आणि ती पुन्हा 84वर आणायची. ब्लॉक तोच, नंबर तोच. शेवटी होनिंग करून भिंतीवर जाळीसारखे बारीक तिरके ओरखडे काढायचे. गुळगुळीत आरशासारखी भिंत चांगली, असं मला वाटत होतं. उलट आहे. त्या ओरखड्यांतच ऑइल थांबतं.

खर्चाचं विचारलं तर मिस्त्री हसले. इंजिन खोलल्याशिवाय आकडा सांगणाऱ्यापासून लांब राहा, एवढंच म्हणाले. पार्ट शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याची नाना पेठ पालथी घालावी लागते. त्यात पेट्रोल बदललंय. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला सोसत नाही आणि ओल ओढून घेतं. म्हणून इंजिनसोबत टाकी धुणं, पेट्रोलचे सगळे पाइप आणि कार्ब्युरेटरमधलं रबर बदलणं आलंच. रंगाला पैसे उरले तर उरले. मला विचाराल तर न उरलेलेच बरे. चकचकीत रंगाखाली जाम इंजिन असलेल्या गाड्या इन्स्टावर भरपूर आहेत.

मी गेले त्या दिवशी ब्लॉक लेथवाल्याकडे होता आणि लेथवाला फोन उचलत नव्हता. मालक हेड घेऊन बसला होता. व्हॉल्वच्या कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रबरी कप लावलेली काठी वर चिकटवायची आणि ताक घुसळावं तशी दोन्ही तळव्यांत फिरवायची. आठ व्हॉल्व, प्रत्येकाला निदान पाऊण तास. चार सेमिस्टर थिअरी लिहिलीये, हे पहिल्यांदा हाताने करतोय, असं तो मान वर न करता म्हणाला.

संध्याकाळी हेडच्या पोर्टमध्ये रॉकेल ओतून त्यांनी टेस्ट घेतली. व्हॉल्व नीट बसला असेल तर थेंबही झिरपत नाही. सात कोरडे राहिले. आठव्याच्या कडेला बारीक ओल दिसली. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त पेस्टची डबी त्याच्याकडे सरकवली.