औद्योगिक परिचारिका : परवडणाऱ्या शिक्षणाची वाट

कापसाची किंवा दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जात राहिली म्हणजे कामगाराची फुफ्फुसे हळूहळू निकामी होतात. सिलिकोसिस एकदा जडला की तो बरा होत नाही. वेळीच ओळखून कामगारास धुळीपासून दूर करणे एवढेच हाती उरते. धाप, खोकला, कमी ऐकू येणे या खुणांची नोंद ठेवून त्या डॉक्टरांच्या नजरेस आणून देणारी व्यक्ती म्हणजे औद्योगिक परिचारिका. इंग्लंडमधील नॉर्विच येथील मोहरीच्या कारखान्यात १८७८ साली अशी पहिली नेमणूक झाली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात परिचर्या कर्मचाऱ्यांसह रुग्णोपचार कक्ष असावा, अशी तरतूद केली.

पदवीचे मार्ग

या क्षेत्राकडे जाण्याचा पाया सर्वसाधारण परिचर्या शिक्षणाचाच आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी घेऊन बारावी झालेल्यांना बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी घेता येते. तीन वर्षांचा जी. एन. एम. अभ्यासक्रम पूर्ण करून नोंदणी झालेल्यांसाठी दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी आहे. कामगारांच्या आरोग्याचा विषय 'सामुदायिक आरोग्य परिचर्या' या विषयात शिकविला जातो; पुढे त्यातच एम. एस्सी. करता येते. औद्योगिक आरोग्याचा ए. एफ. आय. एच. हा अभ्यासक्रम मात्र डॉक्टरांसाठी आहे, हे ध्यानी ठेवावे.

स्वस्त की परवडणारे?

कमी शुल्क म्हणजे परवडणारे शिक्षण, असे नव्हे. शुल्काबरोबर वसतिगृह, भोजन, गणवेश, पुस्तके, परीक्षा व रुग्णालयापर्यंतचा प्रवास यांचा चारही वर्षांचा हिशेब एकत्र मांडावा. शासकीय महाविद्यालयांत शुल्क कमी असते, म्हणून पसंतीक्रमात त्यांना अग्रस्थान द्यावे. खाजगी विनाअनुदानित संस्थांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते; त्याहून अधिक मागणी झाल्यास पावती मागावी व तक्रार करावी. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींसाठी शासनाने २०२४ मध्ये व्यावसायिक शिक्षणाच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात सवलत जाहीर केली. निवडलेला अभ्यासक्रम व संस्था तीत बसते काय, याची प्रवेशापूर्वीच खात्री करावी. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही सवलत हातची जाते.

मान्यतेची कसोटी

सर्वांत महाग पडते ते मान्यता नसलेल्या संस्थेतील शिक्षण. अशा प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून परिचारिका म्हणून काम करता येत नाही. कुटुंबाने काढलेले कर्ज मात्र फेडावेच लागते. म्हणून भारतीय परिचर्या परिषद, राज्य परिषद व विद्यापीठ यांच्याकडील नोंदी त्या त्या वर्षासाठी तपासाव्यात. संस्थेचे स्वतःचे किंवा संलग्न रुग्णालय किती खाटांचे आहे, तेथे रुग्ण येतात काय, हेही प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

गावाची जबाबदारी

अशी चौकशी एकट्या पालकाला अवघड जाते. शिक्षकांनी बारावीच्या वर्गातच ही माहिती द्यावी; ग्रामपंचायत सदस्यांनी उत्पन्न, जात व अधिवास यांचे दाखले प्रवेशाच्या आधी मिळतील, इकडे लक्ष पुरवावे. दाखल्याअभावी एका मुलीची सवलत हुकली, तर तिचे शिक्षणच थांबू शकते. आणि ती शिकली, तर यंत्रमागावर किंवा खाणीत राबणाऱ्या तिच्याच गावच्या माणसाचा खोकला वेळेवर ऐकणारे कोणी तरी असेल.