मोटारीवाचून दिल्ली

दिल्लीला प्रथमच निघणाऱ्या कुटुंबात आरक्षणाची तिकिटे हाती पडली की पुढचा विषय बहुधा एका वाक्यात निकालात निघतो : 'तिथे गेल्यावर चार दिवसांसाठी एखादी गाडी ठरवून टाकू.' ज्येष्ठांना फार चालावे लागू नये, सामानाची ओढाताण होऊ नये आणि अनोळखी शहरात कोणी फसवू नये, अशा तीन काळज्या या एका वाक्यात सामावलेल्या असतात. काळज्या रास्त आहेत. उपाय मात्र दिल्लीच्या बाबतीत तितकासा रास्त नाही. ठरवलेली गाडी सकाळी निघते, रिंग रोडवरच्या रांगेत अडकते, इंडिया गेटपाशी दहा मिनिटे थांबते, चालकाच्या ओळखीच्या दुकानात तासभर खर्ची पडतो आणि संध्याकाळी सारे दमून परततात. चार दिवसांनी घरी आलेल्या मंडळींजवळ प्रवेशद्वारांची छायाचित्रे पुष्कळ असतात. शहर पाहिल्याचे समाधान मात्र बेताचेच. शिवाय ज्या भागासाठी दिल्लीला आवर्जून जावे, त्या चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर २०२१ मध्ये नूतनीकरण झाल्यापासून दिवसा मोटारींना प्रवेशच नाही.

मोटारीवाचून दिल्ली पाहता येते, इतकेच नव्हे, तर अधिक चांगली पाहता येते. त्यासाठी घरून निघण्यापूर्वी दोन संध्याकाळी नकाशा समोर घेऊन बसण्याची तयारी हवी.

नकाशा उघडताच पहिली जाणीव होते ती विस्ताराची. राष्ट्रीय राजधानी प्रदेशाचे क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबई महापालिकेच्या क्षेत्राच्या तिपटीहून अधिक. पण फरक केवळ आकड्यांचा नाही. मुंबई रेल्वेच्या रुळांना धरून उत्तर-दक्षिण वाढली. त्यामुळे मुंबईकराच्या मनातले शहर ही एक रेषा असते. दिल्ली मात्र केंद्राभोवती चहूबाजूंना पसरत गेलेली आहे. येथे 'पुढच्याच स्थानकावर' हा हिशेब चालत नाही. सकाळी कुतुबमिनार, दुपारी लाल किल्ला आणि सायंकाळी पुन्हा दक्षिणेला लोटस टेंपल, असा कागदावर सुटसुटीत दिसणारा बेत प्रत्यक्षात दिवसाचा निम्मा वेळ रस्त्यावर घालवतो. 'दिल्लीत आमचा भाचा राहतो' या वाक्याचीही पडताळणी केलेली बरी. भाचा ग्रेटर नोएडात राहत असेल, तर तो दिल्लीत नव्हे, उत्तर प्रदेशात राहतो, आणि त्याच्याकडून रोज ये-जा करणे हाच एक स्वतंत्र प्रवास ठरतो. आपुलकीचा मुक्काम एका रात्रीचा ठेवावा आणि बाकीच्या रात्री शहराच्या मध्यभागी काढाव्यात. त्यात भाच्याचाही संकोच टळतो.

या पसरलेल्या शहराला एका सूत्रात गुंफले ते मेट्रोने. डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी या लहानशा मार्गाने सुरुवात झाली. तिचे शिल्पकार ई. श्रीधरन यांचे नाव मराठी वाचकाला नवे नाही; कोकण रेल्वे ज्यांनी दऱ्याखोऱ्यांतून आणली, तेच हे गृहस्थ. आज या मेट्रोचे जाळे साडेतीनशे किलोमीटरहून अधिक पसरलेले आहे आणि मार्ग रंगांनी ओळखले जातात. प्रथमच येणाऱ्याने सगळे रंग पाठ करण्याचे कारण नाही. पिवळा आणि जांभळा हे दोन मार्ग नीट समजले की पहिल्या भेटीचे बहुतेक काम भागते.

पिवळ्या मार्गाचे महत्त्व केवळ सोयीचे नाही. दिल्ली हे एक शहर नसून एकापाठोपाठ एक वसलेल्या राजधान्यांचा समूह आहे, हे इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असते. हा मार्ग त्यांतील दोन टोके जोडतो. दक्षिणेला मेहरौली, म्हणजे सुलतानांची पहिली दिल्ली. उत्तरेला शाहजहानाबाद, म्हणजे मोगलांची अखेरची. आणि दोहोंच्या मध्ये १९११ मध्ये घोषित होऊन १९३१ मध्ये उद्घाटन झालेली इंग्रजांची नवी दिल्ली. म्हणून मुक्काम शक्यतो या मार्गावर किंवा त्याला एका बदलात मिळणाऱ्या ठिकाणी असावा. करोलबाग निळ्या मार्गावर आहे आणि राजीव चौकात गाडी बदलून पिवळा मार्ग मिळतो. पहाडगंज स्वस्त आहे, गजबजलेले आहे आणि मराठी माणसाला थोडे ओळखीचेही वाटते, कारण नूतन मराठी विद्यालय याच परिसरात आहे. कस्तुरबा गांधी मार्गावरील नव्या महाराष्ट्र सदनातील खोल्या प्रामुख्याने लोकप्रतिनिधी आणि शासकीय कामासाठी येणाऱ्यांकरिता असतात. तिथे सोय होईल या भरवशावर निघू नये. निवासाचे आरक्षण करताना 'स्थानकापासून जवळ' या जाहिरातीतील शब्दांवर विसंबू नये. कोणते मेट्रो स्थानक आणि पायी किती मिनिटे, हे दोन प्रश्न दूरध्वनीवर स्पष्ट विचारून घ्यावेत. खोलीच्या भाड्यात वाचवलेले दोनशे रुपये रोजच्या रिक्षाभाड्यात सहज निघून जातात.

आगमनाच्या वेळी नवखा प्रवासी सर्वाधिक गोंधळतो. दिल्लीला अनेक मोठी रेल्वेस्थानके आहेत आणि आपली गाडी कोठे थांबते, हे तिकिटावर पाहून ठेवणे आवश्यक असते. मुंबई सेंट्रलहून निघणारी राजधानी नवी दिल्लीला जाते. ऑगस्ट क्रांती राजधानी आणि पुण्यावरून येणारी गोवा एक्स्प्रेस या हजरत निजामुद्दीनला जातात. निजामुद्दीनला लागून गुलाबी मार्गाचे स्थानक आहे. नवी दिल्ली स्थानकाला मात्र दोन तोंडे आहेत : एक पहाडगंजकडे, दुसरे अजमेरी गेटकडे. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे. चुकीच्या बाजूने बाहेर पडलेला, हातात तीन बॅगा आणि चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह असलेला प्रवासी हेरणारी मंडळी तिथे उभीच असतात. तुमचे हॉटेल बंद झाले आहे, आरक्षण रद्द झाले आहे, पर्यटन कार्यालयात चला, अशा सुरात ती बोलू लागतात. तेथे एकच उत्तर पुरते : न थांबता पुढे चालणे. विमानाने तिसऱ्या टर्मिनलवर उतरणाऱ्यास एअरपोर्ट एक्स्प्रेस मार्ग सुमारे वीस मिनिटांत नवी दिल्ली स्थानकाशी आणून सोडतो. पहाटे चारला पोहोचणारी गाडी निवडली असेल, तर मेट्रो सुरू होईपर्यंत प्रतीक्षालयात बसण्याची मनाची तयारी ठेवावी.

आता प्रत्यक्ष दिवसांची मांडणी. नियम साधा ठेवावा : एका दिवशी एकच दिशा, सकाळी एक मोठे स्थळ, दुपारी विश्रांती, सायंकाळी त्याच बाजूचे काहीतरी हलके.

शाहजहानाबादला पूर्ण दिवस द्यावा. लाल किल्ला, जामा मशीद आणि दिल्ली गेट ही जांभळ्या मार्गावरील ओळीने येणारी स्थानके आहेत. हा भाग मे २०१७ मध्ये सुरू झाला आणि त्याने जुन्या शहरातील पायपीट पुष्कळ कमी केली. सकाळी किल्ल्यात लवकर शिरावे. दिवाण-ए-खासच्या संगमरवरी खांबांपाशी उभे असताना मराठी पर्यटकाने वर पाहावे. या दालनाचे रुप्याचे छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून वितळवले, कारण पानिपताकडे निघालेल्या सैन्याचा खर्च भागत नव्हता. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १७७२ मध्ये, महादजी शिंद्यांनी परागंदा झालेल्या शाह आलमला याच किल्ल्यात परत आणले. किल्ल्यात फिरणाऱ्या मार्गदर्शकांच्या तोंडी हे प्रसंग क्वचितच येतात. ते घरूनच वाचून जावे लागतात.

किल्ल्यासमोरून चांदणी चौकाचा रस्ता फतेहपुरी मशिदीपर्यंत जातो. अंतर दीड किलोमीटरहून कमी, आणि मोटारी नसल्यामुळे चालणे सुसह्य. गुरू तेगबहादूर यांनी १६७५ मध्ये जेथे बलिदान केले, तेथील शीशगंज गुरुद्वारा याच वाटेवर आहे. डोके झाकून आत जावे, लंगरमध्ये पंगतीला बसावे. दुपारच्या जेवणाचा प्रश्न इतक्या सन्मानाने अन्यत्र सुटणार नाही. गुडघ्यांनी असहकार पुकारला, तर सायकलरिक्षा आहे. पुस्तकप्रेमींनी हा दिवस रविवारी योजावा. दर्यागंजचा प्रसिद्ध जुन्या पुस्तकांचा रविवारचा बाजार २०१९ पासून आसफ अली मार्गावरील महिला हाटमध्ये भरतो आणि दिल्ली गेट स्थानकाहून तो जवळ आहे. मात्र रविवारी चांदणी चौकातील बहुतेक दुकाने बंद असतात. पुस्तके की साड्या, याचा निर्णय घरातच झालेला बरा.

मेहरौलीचा दिवस शांत. कुतुबमिनार नावाचे स्थानक मिनारापासून दीडेक किलोमीटर दूर आहे. तेथून रिक्षा करावी. ७२.५ मीटर उंचीच्या त्या मिनाराकडे पाहून झाले की बहुतेक मंडळी परततात आणि अंगणातील गुप्तकालीन लोहस्तंभाजवळ दोन मिनिटेही थांबत नाहीत. शतकानुशतके उघड्यावर उभा असूनही न गंजलेला तो सहा टनांहून अधिक वजनाचा स्तंभ घाईने पाहण्याची वस्तू नव्हे. परतताना आयएनए स्थानकावर उतरले की समोरच १९९४ पासून भरणारे दिल्ली हाट आहे : निरनिराळ्या राज्यांचे कारागीर, त्यांच्या राज्यांचे पदार्थ आणि बसायला जागा.

नव्या दिल्लीत मेट्रो थोडी तोकडी पडते. केंद्रीय सचिवालय स्थानकापासून इंडिया गेटपर्यंत कर्तव्यपथ सरळ दिसतो, पण अंतर अडीच किलोमीटरच्या घरात आहे. ज्येष्ठांनी हे अंतर रिक्षाने जावे आणि पायांतील बळ राष्ट्रीय युद्ध स्मारकासाठी राखावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या या स्मारकात स्वातंत्र्योत्तर काळात वीरगती प्राप्त झालेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे ग्रॅनाइटच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडील गावांतून दिल्लीला येणाऱ्या कित्येक घरांसाठी सहलीचे खरे प्रयोजन येथे असते : चुलत्याचे, भावाचे, मुलाचे नाव शोधणे. अशा कुटुंबाने जवानाचा सेवाक्रमांक आणि रेजिमेंटचे नाव लिहून न्यावे, आणि या भेटीपुढे दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नये. भाड्याच्या गाडीचा चालक 'पार्किंगची वेळ होत आली' असे सांगत दाराशी उभा नसणे, हा मोटारीवाचून येण्याचा लाभ येथे सर्वाधिक जाणवतो.

हुमायूनच्या मकबऱ्याला थेट मेट्रो नाही. जांभळ्या मार्गावर जवाहरलाल नेहरू स्टेडियम किंवा जंगपुरा येथे उतरून सुमारे दोन किलोमीटर रिक्षाने जावे लागते. शेजारची सुंदर नर्सरी दुपार काढण्यास उत्तम; झाडांची सावली दाट आहे.

सोमवारचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, तीस जानेवारी मार्गावरील गांधी स्मृती, अक्षरधाम, लोटस टेंपल ही सारी सोमवारी बंद असतात. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा उघडे असतात. म्हणून सोमवार त्यांच्याकडे द्यावा. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी जामा मशिदीत पर्यटकांना प्रवेश नसतो. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लाल किल्ला आणि जानेवारीच्या उत्तरार्धात कर्तव्यपथ बंदोबस्तात असतात. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत धुके गाड्या आणि विमाने दोन्ही रखडवते. नोव्हेंबरपासूनची हवा तर दमेकऱ्याने टाळावीच. त्या दिवसांत प्रदूषण वाढले की जुन्या डिझेल-पेट्रोल मोटारींवर निर्बंध येतात, म्हणजे ठरवलेली गाडीही ऐन वेळी दगा देऊ शकते. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हे सर्वांत सुखाचे दिवस. मुलांच्या परीक्षा त्याच वेळी असतात, हे दुर्दैव. पण निवृत्त दांपत्यांना ती अडचण नाही.

खर्चाचे म्हणाल तर ऑगस्ट २०२५ च्या भाडेवाढीनंतर मेट्रोचे भाडे अंतरानुसार ११ ते ६४ रुपये आहे. एअरपोर्ट मार्गाचे दर निराळे. बँकांकडून मिळणारे रुपेचे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड घरातच घेऊन त्यात रक्कम भरून ठेवली, तर तिकिटाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. तेच कार्ड पुण्याच्या मेट्रोतही चालते, म्हणून उरलेली रक्कम वाया जात नाही. कार्ड प्रत्येकाचे स्वतंत्र हवे. एकाच कार्डावर दोघांना प्रवेश मिळत नाही. रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे किंवा मोबाइलवरील ॲपने मागवावी. दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात. गर्दीत पाकीट उघडून पाचशेची नोट शोधण्याची वेळ येऊ देऊ नये. राजीव चौक आणि कश्मीरी गेट या स्थानकांवर सकाळी आणि सायंकाळी कार्यालयांच्या वेळी गाडी बदलणे टाळावे. लिफ्ट बहुतेक ठिकाणी असते, पण ती कोणत्या दाराशी आहे हे स्थानकावरील फलकावर पाहावे लागते. प्रवासाच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. दांपत्याने वेगवेगळ्या डब्यांत बसायचे ठरवल्यास उतरण्याचे स्थानक दोघांनाही ठाऊक असावे.

परतीची गाडी सायंकाळची असेल, तर खोली सकाळी सोडून सामान रेल्वेच्या क्लोकरूममध्ये ठेवता येते. त्यासाठी प्रत्येक बॅगेला कुलूप असावे लागते आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. दोन लहान कुलुपे घरूनच न्यावीत.