हिकरी दांड्याच्या गोल्फ काठ्यांचे जतन

हिकरी दांड्याच्या गोल्फ काठ्या म्हणजे पोलादी दांडे रूढ होण्यापूर्वी, साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३०च्या दशकापर्यंत, हिकरी या अमेरिकन वृक्षाच्या लाकडाचा दांडा बसवून घडविलेल्या काठ्या होत. गोल्फच्या परिभाषेत काठीला ‘क्लब’ असे म्हणतात. या काठ्यांपैकी काही आज संग्रहालयांत व खासगी संग्रहांत आहेत, तर काही हौशी खेळाडूंच्या हाती अजूनही खेळात आहेत. लाकूड, लोखंड, चामडे, दोरा आणि सरस अशा परस्परभिन्न पदार्थांची ही वस्तू असल्यामुळे तिचे जतन अवघड असते. हवेतील आर्द्रता वर्षभरात टोकाची बदलणाऱ्या प्रदेशांत, उदाहरणार्थ नागपूर आणि त्याच्या दक्षिणेस विमानतळालगत वसलेल्या मिहानच्या परिसरात, ही अडचण अधिक तीव्र होते.

पार्श्वभूमी

आधुनिक गोल्फ स्कॉटलंडमध्ये विकसित झाला. तेथील कारागीर प्रारंभी ॲश, हेझल यांसारख्या स्थानिक झाडांचे दांडे वापरीत. एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतून हिकरीचे लाकूड ब्रिटनमध्ये येऊ लागले आणि चिवटपणा व लवचीकपणा या गुणांमुळे त्याने इतर लाकडांना मागे टाकले. १८४८च्या सुमारास पिसे भरलेल्या चामडी चेंडूची जागा गटापर्चाच्या कठीण चेंडूने घेतली. या चेंडूचे आघात सोसण्यासाठी मजबूत दांड्याची निकड वाढली.

अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये, तर सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबने १९२९ मध्ये पोलादी दांड्यांना मान्यता दिली. त्यानंतर काही वर्षांतच हिकरीचे युग संपले. अमेरिकेचे बॉबी जोन्स यांनी १९३० मध्ये एकाच वर्षात चार प्रमुख स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरी दांड्यांच्या काठ्यांनीच.

भारतात हा खेळ ब्रिटिश अधिकारी व व्यापारी यांच्यामार्फत आला. १८२९ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. मुंबईत १८४२ मध्ये रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब स्थापन झाला.

रचना आणि साहित्य

काठीचे दांडा, डोके आणि मूठ असे तीन मुख्य भाग असतात. डोक्याच्या प्रकारानुसार काठ्यांचे लोखंडी आणि लाकडी असे दोन वर्ग पडतात. त्या काळी काठ्यांना क्रमांकांऐवजी मॅशी, निब्लिक, क्लीक, ब्रॅसी, स्पून अशी नावे असत.

लोखंडी डोक्याला वरच्या बाजूस एक नळी असते. दांड्याचे निमुळते टोक या नळीत घट्ट बसवून आडवा खिळा ठोकला जातो. लाकडी डोके जुन्या पद्धतीत दांड्याला तिरकस छेद देऊन सरसाने चिकटविले जाई आणि त्या जोडावर राळ किंवा डांबर लावलेला दोरा गुंडाळला जाई. पुढे डोक्यातच छिद्र पाडून दांडा बसविण्याची पद्धत आली. मुठीवर लोकरी कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर मेंढीच्या किंवा वासराच्या चामड्याची पट्टी चढवीत.

हिकरी हा अक्रोडाच्या कुलातील, कॅरिया या प्रजातीतील वृक्ष असून तो विदर्भात वनात आढळत नाही. मात्र काठीशी संबंधित इतर काही पदार्थ विदर्भाला परके नाहीत. विसाव्या शतकात लाकडी डोक्यांसाठी वापरलेले पर्सिमन हे लाकूड आणि विदर्भाच्या जंगलातील तेंदू, म्हणजेच टेंभुर्णी, ही एकाच प्रजातीची भावंडे आहेत. दांड्याला मुरविले जाणारे तेल जवसाचे असते आणि जवस हे विदर्भातील जुने रब्बी पीक आहे. चकाकीसाठी वापरले जाणारे शेलॅक लाखेपासून बनते. पळस, कुसुम, बोर या झाडांवर पोसलेल्या कीटकांपासून ही लाख मिळते आणि पूर्व विदर्भात तिचे उत्पादन होते.

लाकूड आणि ओलावा

लाकूड तोडून कितीही वर्षे झाली तरी ते हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. सामान्य तापमानात हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर लाकडातील ओलावा सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ८० टक्के झाल्यास तो सुमारे १६ टक्क्यांपर्यंत चढतो आणि २० टक्के झाल्यास ५ टक्क्यांच्याही खाली उतरतो. या चढउताराबरोबर लाकूड आडव्या दिशेने फुगते व आकसते. लांबीत होणारा बदल मात्र नगण्य असतो.

हिकरी ही अधिक आकसणाऱ्या लाकडांपैकी एक आहे. ओल्या अवस्थेतून पूर्ण सुकेपर्यंत शॅगबार्क हिकरी वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे १०.५ टक्के, तर त्रिज्येच्या दिशेने सुमारे ७ टक्के आकसते. त्या हिशेबाने १२ मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातील ओलावा १६ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर वलयांच्या दिशेने त्याची जाडी सुमारे अर्ध्या मिलिमीटरने घटते. नळीत घट्ट बसवलेल्या दांड्याच्या दृष्टीने हा फरक मोठा असतो.

खरे नुकसान याच्या पुढच्या टप्प्यावर होते. पावसाळ्यात फुगू पाहणाऱ्या लाकडाला लोखंडी नळी बाहेर पसरू देत नाही. त्यामुळे लाकडाचे तंतू आतल्या आत चेपले जातात. कोरड्या ऋतूत हेच लाकूड आकसते, तेव्हा ते मूळच्यापेक्षा बारीक झालेले असते. दरवर्षी ही क्रिया घडत राहिल्यास न वापरलेल्या काठीचे डोकेसुद्धा सैल होते.

कुदळीचा किंवा कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की ती रात्रभर पाण्यात ठेवण्याची रीत ग्रामीण भागात सर्वत्र आहे. दुसऱ्या दिवशी दांडा घट्ट लागतो, परंतु आठवडाभराने पूर्वीपेक्षाही अधिक हलतो. कारण तेच, चेपलेले तंतू. कुदळीचा दांडा सहज बदलता येतो. शंभर वर्षांपूर्वीच्या काठीचा मूळ दांडा तसा बदलता येत नाही. म्हणून सैल झालेले डोके पाण्यात भिजवणे ही अशा काठीच्या बाबतीत टाळावयाची पहिली गोष्ट होय. पाण्यामुळे नळीच्या आतून गंजही चढतो.

नागपूरच्या हवामानातील अडचणी

नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्या जवळ उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये हीच आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. वर दिलेल्या आकडेवारीची दोन्ही टोके येथे एकाच वर्षात, अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने गाठली जातात.

यात घरगुती कूलरची भर पडते. वाळ्याच्या किंवा गवताच्या ओल्या पडद्यांतून हवा खेचणारा कूलर खोलीतील आर्द्रता झपाट्याने वाढवतो. दिवसा बंद आणि रात्री चालू राहणाऱ्या कूलरच्या खोलीत ठेवलेली काठी ऋतुबदलाचे ताण लहान प्रमाणात रोजच सोसत असते. पत्र्याच्या छपराखालील माळा, मोटारीची डिकी आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट या जागाही अयोग्य ठरतात.

दुरुस्तीपूर्वीचा निर्णय

काठी खेळण्यासाठी हवी आहे की केवळ जतन करावयाची आहे, हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरवावे लागते. १९१० ते १९३० या काळातील यंत्रनिर्मित काठ्या मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. त्यांचे चामडे बदलणे, दांडा नव्याने बसवणे यांस सहसा आक्षेप घेतला जात नाही. याउलट १८९०पूर्वीच्या, तिरकस जोडाच्या लांबट डोक्याच्या काठ्या दुर्मीळ आहेत. त्यांतील जुना सरस, दोरा व चामडे हे कारागिराच्या पद्धतीचे पुरावे असतात. अशा काठीवर शक्य तितके कमी आणि पुढे उलटवता येईल असेच काम करावे, असा संग्रहालयशास्त्राचा दंडक आहे.

प्रत्येक काठीची छायाचित्रे, लांबी, वजन, ठसे आणि भेगा यांची नोंद आधी करावी. लोखंडी डोक्याच्या पाठीमागे घडविणाऱ्याची खूण असते. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्ट यांच्या काठ्यांवरील चिलमीचे चिन्ह हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. दांड्यावरही विक्रेत्याचा ठसा असू शकतो.

दुरुस्तीच्या पद्धती

लोखंडी डोके : जुन्या डोक्यांवर क्रोमियमचा मुलामा नसल्याने ती गंजतात. सैल गंज काढण्यासाठी यंत्राचे पातळ तेल लावून अतिबारीक पोलादी लोकरीने हलक्या हाताने घासतात. तेल नळीत उतरू नये म्हणून डोके खालच्या बाजूस धरतात. फिरत्या तारेच्या ब्रशने डोके काही मिनिटांत लख्ख होते, पण त्याबरोबर ठशांच्या कडाही झिजतात. गेलेला ठसा परत आणता येत नाही. गंज निघाल्यावर उरणारी काळपट तपकिरी झाक तशीच ठेवून तिच्यावर मेणाचा पातळ थर देतात.

दांडा : मळ काढण्यासाठी टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवलेले सुती कापड पुरते. सँडपेपर वापरल्यास दांड्याची जाडी घटते, त्याचा लवचीकपणा बदलतो आणि ठसा पुसला जातो. स्वच्छ केलेल्या दांड्याला जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन जास्तीचे तेल पुसून घेतात व तो अनेक दिवस वाळू देतात. बाजारात रंगकामासाठी मिळणाऱ्या उकळलेल्या जवस तेलात शोषक धातुक्षार असतात, त्यामुळे ते लवकर वाळते, पण खाण्यास अयोग्य असते. तेलाने किंवा शेलॅकने ओलावा पूर्णपणे रोखला जात नाही. त्याची ये-जा मात्र मंदावते.

जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते. तेलाचे बोळे गोळा करून टाकल्यास ते आपोआप पेट घेऊ शकतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हा धोका वाढतो. म्हणून असे बोळे उघड्यावर एकेरी पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

वाकलेला दांडा सरळ करण्यासाठी त्या भागाला मंद व कोरडी उष्णता देऊन उलट दिशेने थोडासा अधिक वाकवतात आणि थंड होईपर्यंत धरून ठेवतात. आडवी भेग असलेल्या दांड्यावर हा उपाय करीत नाहीत, कारण तो मोडतो.

जोड : सैल डोके घट्ट करण्यासाठी खिळा बोथट पंचाने काढून दांडा बाहेर घेतात आणि आकसलेल्या टोकाभोवती लाकडाची पातळ पापुद्री किंवा सुती कापड सरसाने चिकटवून तो पुन्हा बसवतात. सरस ऊब व ओलाव्याने सुटतो, त्यामुळे पुढील दुरुस्ती शक्य राहते. इपॉक्सीने बसवलेला जोड अधिक टिकाऊ असतो, परंतु तो सोडवताना मूळ लाकडाला इजा होण्याचा संभव असतो. म्हणून इपॉक्सीचा वापर खेळातील सामान्य काठ्यांपुरता मर्यादित ठेवतात.

मूठ : कोरडे पडून भुगा होऊ लागलेले चामडे तेल पाजून पूर्ववत होत नाही. उलट ते काळवंडते व चिकट होते. दुर्मीळ काठीवरील असे चामडे सुती पट्टीने सैलसर गुंडाळून तसेच ठेवतात.

कीड आणि बुरशी

दांड्यांसाठी हिकरीचे फिकट रंगाचे बाह्यकाष्ठ विशेष पसंत केले जाई. त्यात पिष्टमय द्रव्ये असल्याने लाकूड पोखरून पिठासारखा भुगा करणारे भुंगेरे त्याकडे आकर्षित होतात. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे आणि खाली सांडलेली बारीक पूड ही त्यांची लक्षणे होत. पूड दिसताच ती काठी इतरांपासून वेगळी करावी. पावसाळ्यात चामड्यावर बुरशी आल्यास काठी मोकळ्या हवेत नेऊन, नाकातोंडावर मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने ती झटकावी.

साठवण

काठी ठेवण्यासाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. हा नेमका आकडा गाठण्यापेक्षा बदल हळूहळू होणे अधिक महत्त्वाचे असते. घराच्या मध्यभागी, बाहेरच्या भिंतींपासून दूर असलेले बंद लाकडी कपाट या दृष्टीने उपयुक्त ठरते. त्यात स्वस्त आर्द्रतामापक ठेवल्यास कूलर व पाऊस यांचा परिणाम प्रत्यक्ष पाहता येतो. भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली काठी कालांतराने वाकते. म्हणून ती आडवी, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन, सुती कापडात गुंडाळून ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडला जाऊन गंज व बुरशी वाढते.

कायदेशीर बाजू

भारताच्या पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेल्या आणि गतकाळातील कला, कारागिरी वा रीतिरिवाज यांवर प्रकाश टाकणाऱ्या वस्तू पुरावशेषांत मोडू शकतात. अशा वस्तूंची खासगी निर्यात करता येत नाही. हिकरी काठ्यांपैकी पुष्कळशा आता शंभरी गाठत आहेत किंवा ओलांडून गेल्या आहेत. त्यामुळे विक्रीसाठी अथवा दुरुस्तीसाठी काठी परदेशी पाठवण्यापूर्वी ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेणे हितावह ठरते. मिहानसारख्या मालवाहतूक केंद्रालगत राहणाऱ्या संग्राहकांना परदेशी वस्तू पाठवणे सोयीचे असले, तरी हा नियम त्यांनाही लागू असतो.